मधले पन्नास किलो जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इंदूरचेच. त्यांच्याकडे हीरोची एक्सपल्स 200 फोर-व्ही आहे. उंची पाच फूट सहा इंच, वजन 68 किलो. रविवारी इंदूरजवळच्या डोंगरांत: चोरल, जानापाव, कधी जाम गेटच्या खालच्या कच्च्या वाटा. चढात गाडी आडवी झाली की उचलताना जीव निघतो. आता एक वापरलेली 250 सीसीची मोटोक्रॉस, म्हणजे कच्च्या ट्रॅकवर शर्यत लावायची, गाडी मिळते आहे. पत्रकावर तिचे वजन 106 किलो, एक्सपल्सचे 158. पन्नास किलो कमी म्हणजे तेवढीच सोपी, मग घ्यावी का?

चोरलसाठी नको. ट्रॅकवर चालवायची असेल आणि ती वाहून न्यायला पिकअपची सोय असेल, तर जरूर घ्या. ते पन्नास किलो म्हणजे काही कंपनीने गाडीत भरलेले दगड नव्हेत. त्यातला बराच भाग तुम्हाला चोरलला लागणाऱ्या वस्तूंचा आहे. काही भाग खरोखरच निव्वळ ओझे आहे, आणि तो तुम्ही आहे त्या गाडीवरूनही उतरवू शकता.

आधी पत्रकावरच्या आकड्याबद्दल. ‘ड्राय वेट’, ‘पेट्रोलशिवाय वजन’ आणि ‘कर्ब वेट’ (टाकी भरून, चालवायला तयार गाडीचे वजन) या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या सोयीने वापरल्या जातात. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरते. केटीएम आपल्या एसएक्स (मोटोक्रॉस) आणि ईएक्ससी (एन्ड्युरो, म्हणजे जंगलातल्या लांब शर्यतींच्या) गाड्यांचे वजन पेट्रोलशिवाय छापते. यामाहा, होंडा, कावासाकी हल्ली टाकी भरून छापतात. म्हणजे एकीवर 100 आणि दुसरीवर 106 लिहिले असले, तरी सात लिटरची टाकी भरताच दोघी एकाच काट्यावर उभ्या राहतात. जुन्या पत्रकांतल्या ‘ड्राय’मध्ये तर इंजिन ऑइल, कूलंट, कधी बॅटरीसुद्धा धरलेली नसे. तो आकडा पाहून गाडी हलकी ठरवण्यात अर्थ नाही.

खात्री हवी तर वजन स्वतः करा. धरमकाट्यावर नेऊ नका. तो ट्रकसाठी असतो, पाच-दहा किलोंखालचा फरक दाखवतच नाही. घरातले दोन वजनकाटे पुरतात, मात्र दीडशे किलोंपर्यंतचे हवेत. जमीन सपाट हवी. एक काटा पुढच्या चाकाखाली, एक मागच्या चाकाखाली. काटा एकच असेल तर दुसऱ्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी ठेवा, नाहीतर गाडी कलते आणि आकडा चुकतो. गाडी स्टँडवर नको. मदतनीसाने हँडलला दोन बोटांनी फक्त तोल सांभाळायचा, भार घ्यायचा नाही. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे गाडीचे वजन. ही मोजणी टाकी भरून एकदा आणि अर्ध्या टाकीने एकदा करा. तो फरक पुढे उपयोगी पडेल.

आता तुलना. एक्सपल्स आणि मोटोक्रॉस या दोन वेगळ्या जातींच्या गाड्या समोरासमोर ठेवल्या तर गोंधळ होतो. एकाच घराण्यातल्या बहिणी पाहाव्यात. यामाहाची वायझेड 250 एफ ही शुद्ध मोटोक्रॉस, टाकीभर पेट्रोलासह सुमारे 106 किलो. तेच इंजिन घेऊन जंगलातल्या शर्यतींसाठी केलेली वायझेड 250 एफएक्स सुमारे 111. आणि त्याच इंजिनाची डब्ल्यूआर 250 एफ, म्हणजे ट्रेलची गाडी, सुमारे 115. पहिल्या पाच किलोंत काय आले? मोठी टाकी, पाचाऐवजी सहा गिअर, मागे 19 ऐवजी 18 इंची चाक, साइड स्टँड, इंजिनाखालची प्लेट, सीलबंद ओ-रिंगची चेन. पुढच्या चार किलोंत दिवे, रेडिएटरचा पंखा, मीटर आणि आवाज दाबणारा सायलेन्सर. म्हणजे रेसची गाडी ‘वाटेची’ करायला नऊ किलो लागतात. या गाड्या आपल्याकडे शोरूममध्ये मिळत नाहीत, पण हिशेब समजायला याहून चांगले उदाहरण नाही.

आपल्याकडे मिळणारी जोडी पाहायची तर कावासाकीची केएलएक्स 230, नंबर प्लेट लागणारी, 139 किलो. तिचीच रस्त्यावर न चालणारी बहीण केएलएक्स 230 आर एस, 129 किलो. इंजिन तेच. दहा किलो गेले ते दिवे, आरसे, एबीएस, रस्त्याचा सायलेन्सर आणि कायद्यासाठी लागणाऱ्या अशाच बारीकसारीक वस्तूंत.

मग एक्सपल्सचे उरलेले चाळीस-एक किलो कुठून आले? पैशांतून. उलट म्हणायचे तर, पैसे वाचवण्यातून. मोटोक्रॉसची चौकट ॲल्युमिनियमची किंवा पातळ क्रोममॉली (मजबूत मिश्र पोलाद) नळीची, स्विंगआर्म, हँडल, रिम सगळे ॲल्युमिनियम, मडगार्ड-पॅनल प्लास्टिकचे कागदासारखे पातळ, मागे बसायला जागाच नाही. एक्सपल्सची चौकट साध्या पोलादी नळ्यांची, कारण ती दोन माणसे आणि सामान घेऊन खंडवा रोडच्या खड्ड्यांतून लाखभर किलोमीटर चालावी अशी बांधलेली आहे आणि किंमतही मोटोक्रॉसच्या तुलनेत किरकोळ आहे. साडीगार्ड, मागची सामानाची प्लेट, मागच्या माणसाचे पायदान, पोलादी सायलेन्सर, 13 लिटरची टाकी: प्रत्येकाचे दीड-दोन किलो आणि टाकीतल्या पेट्रोलचेच जवळपास दहा.

केवळ वजनावर काही ठरत नाही, याला जुना पुरावा आहे. यामाहाची आरएक्स 100, 1985 ते 1996 या काळात विकली गेलेली, भरून सुमारे 103 किलो. म्हणजे आजच्या 250 मोटोक्रॉसपेक्षाही हलकी! तिच्यावरून डर्ट ट्रॅक मारणारे इंदुरात आजही भेटतील. पण तिच्या शॉकअपचा प्रवास (दबण्याचे अंतर) इतका कमी आणि फूटरेस्ट इतके खाली की गुडघाभर खोल नालीत ती तळावर आपटते. हलकी असून ऑफ-रोड नव्हे.

वजन कुठे आहे हे वजन किती आहे याइतकेच महत्त्वाचे. टाकीत, म्हणजे वर असलेले पाच किलो गाडी कलली की तुम्हाला ओढतात. इंजिनाच्या तळाशी असलेले पाच किलो जाणवतही नाहीत. चाकातले वजन सर्वांत महाग. जाड ट्यूब, जड टायर यांचा एकेक किलो शॉकअपला प्रत्येक दगडावर उचलावा लागतो, शिवाय फिरवावा आणि थांबवावाही लागतो. सायलेन्सर मागच्या टोकाला लटकतो, म्हणून तिथले दोन किलो वाचले की शेपूट लगेच हलकी वाटते.

आता मोटोक्रॉसवर काय नाही आणि नसल्याने चोरलला काय होते, ते पाहू.

रेडिएटर असतो, पंखा नसतो. ट्रॅकवर वेग असतो, वारा आपोआप मिळतो. आपण एप्रिलमध्ये, चाळीस अंशांत, पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून घाट चढतो तेव्हा रेडिएटरमधून वाराच जात नाही. पाच-सात मिनिटांत रेडिएटरच्या झाकणातून वाफ सुटते. बहुतेक मोटोक्रॉसला कूलंट परत घेणारी डबी नसते, एक नळी सरळ जमिनीकडे सोडलेली असते. म्हणजे उकळून बाहेर पडलेले कूलंट गेले ते गेलेच. एकूण कूलंटच लिटरभर असते. दोन-तीनदा असे झाले की हेड गॅस्केट धोक्यात. नंतर पंखा बसवता येतो, पण मोटोक्रॉसचा स्टेटर (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) जेमतेम इंजेक्शन आणि इग्निशनपुरती वीज काढतो; पंखा किती वीज ओढतो ते आधी मोजावे लागते, नाहीतर बॅटरी उतरते. आणि हल्लीच्या बहुतेक गाड्यांना किक नाही, फक्त सेल्फ. जंगलात बॅटरी उतरली तर धक्क्यावर चालू करायची, आणि या इंजिनांचे कॉम्प्रेशन 13-14 पट असते. चढावर ते जमत नाही.

गिअर. मोटोक्रॉसचे पाच गिअर एकमेकांना चिकटलेले असतात आणि पहिला बराच उंच असतो, कारण तो शर्यतीच्या सुरुवातीला गेटमधून सुटायला केलेला आहे, दगडांवरून माणसाच्या चालीने जायला नव्हे. चालीच्या वेगाला क्लच सतत घासत राहतो. बहुतेक गाड्यांत क्लच आणि इंजिनाचे ऑइल एकच, म्हणून घासलेल्या प्लेटची पूड थेट इंजिनात फिरते. फ्लायव्हील (इंजिनाची गती टिकवणारे चाक) हलके, म्हणून गाडी झटक्यात उसळते आणि तितक्याच झटक्यात बंद पडते. एक्सपल्स 1,500 ते 2,000 आरपीएमवर गुरगुरत चढते. 250 मोटोक्रॉसची चाळीसहून जास्त अश्वशक्ती 12,000 आरपीएमच्या वर राहते, खाली फारसे काही नाही. मागे मोठा स्प्रॉकेट टाकून हे थोडे सुधारते, पूर्ण नाही.

शॉकअप. इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. मोटोक्रॉसला पुढे-मागे 300 मिलिमीटरच्या आसपास प्रवास असतो, एक्सपल्सला 190 आणि 170. कागदावर मोटोक्रॉस मऊ गादीसारखी असायला हवी. प्रत्यक्षात तिची व्हॉल्व्हिंग (शॉकअपमधल्या ऑइलची वाट आवळणारी रचना) वीस-तीस फुटांच्या उडीनंतर जमिनीवर उतरण्यासाठी असते. हळू वेगात मुठीएवढ्या दगडावरून गेलात तर फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप, दबतच नाही, चाक दगडावरून बाजूला फेकले जाते आणि मनगटे भरून येतात. जानापावकडे विखुरलेला तो काळा टोकदार बेसाल्ट म्हणजे याच त्रासाची खाण. एन्ड्युरो गाडीचा प्रवासही जवळपास तेवढाच असतो, पण सुरुवातीचा भाग मऊ ठेवलेला असतो. मोटोक्रॉसचा फोर्क उघडून शिम (पातळ चकत्या) बदलून, कमी कडक स्प्रिंग टाकून तो तसा करता येतो. मात्र ते जाणकाराचे काम. ऑइल पातळ टाकून भागवू नका, त्याने परतीचा वेगही वाढतो आणि गाडी डोलू लागते.

मागचे 19 इंची चाक. बाहेरून टायरची उंची जवळपास सारखीच, म्हणून रिम मोठा म्हणजे टायरची भिंत ठेंगणी. ट्रॅकवर वळणात ती डळमळत नाही म्हणून चांगली. बेसाल्टच्या धारेवर मात्र ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते. पंक्चरवाला याला ‘साप चावला’ म्हणतो, कारण ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. 18 इंची चाकाची भिंत उंच असल्याने हे कमी होते. शिवाय 18 इंची टायर इंदुरात सहज मिळतो, 19 इंची मोटोक्रॉस टायर मागवावा लागतो.

स्टँड नाही. हे क्षुल्लक वाटते, पण नदीकाठी गाडी उभी करायची तर झाड शोधा, नाहीतर आडवी टाका. दिवा नाही, विंध्याच्या दरीत अंधार पटकन उतरतो. टाकी सहा-सात लिटरची, ट्रेलवर 60 ते 80 किलोमीटरांत रिकामी. हँडलही कमी वळते, म्हणून अरुंद पायवाटेवरच्या वळणात गाडी हाताने उचलून फिरवावी लागते.

आणि सीट. एक्सपल्सची 825 मिलिमीटर, केएलएक्स 230 ची 880, एक्सपल्सच्याच प्रो आवृत्तीची 891 आणि मोटोक्रॉसची साडेनऊशेच्या वर. जास्त प्रवास आणि जमिनीपासून जास्त क्लिअरन्स हवा तर सीट वर जाणारच. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाचा 950 च्या सीटवर एका पायाचा फक्त चवडा टेकतो, तोही एका बाजूला सरकून. ट्रॅकवर पाय टेकायची वेळ क्वचित येते. घाटात दगडांत गाडी थांबली आणि पाय ज्या बाजूला टाकला तिथे खड्डा निघाला, की 106 किलोंची गाडीही पडते. तुमची गाडी जेवढ्या वेळा पडते त्यापेक्षा ही जास्त पडेल. उचलायला हलकी, हे खरे.

पुढचा भाग खर्चाचा. मोटोक्रॉसची सर्व्हिस किलोमीटरवर नसते, तासांवर असते. ऑइल पाच ते दहा तासांनी, फिल्टर प्रत्येक राइडनंतर, 250 चा पिस्टन हौशी वापरात साधारण 40 ते 60 तासांनी, त्यासोबत टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीची, तपासणी. ट्रेलवर सरासरी वेग ताशी 25 धरला तर पाच तास म्हणजे सव्वाशे किलोमीटर. दोन रविवारांत ऑइल. वर्षभर दर रविवारी तीन तास चालवलीत तर दीडशे तास होतात, म्हणजे दोन-तीन पिस्टन. सुटे भाग बाहेरून येतात, आठवडे लागतात आणि त्या काळात गाडी खाटेवर. एन्ड्युरो इंजिनांना हेच अंतर बरेच जास्त मिळते. एक्सपल्सला तर तुम्ही ऑइल बदलता आणि विसरता.

कायदा एका वाक्यात: नोंदणी होत नाही, म्हणून मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 39 प्रमाणे ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि कलम 146 चा विमाही तिच्यासाठी मिळत नाही. घरापासून तेजाजीनगर चौकापर्यंतसुद्धा नाही. गावातला कच्चा रस्ताही सार्वजनिकच असतो. राळामंडल अभयारण्यात आणि वनखात्याच्या राखीव हद्दीत तर परवानगीशिवाय गाडी न्यायचीच नाही. पिथमपूरच्या नॅट्रॅक्सबद्दल विचारणारेही भेटतात, तो 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक कंपन्यांच्या गाड्या तपासायला आहे, आपल्या उड्यांसाठी नाही.

म्हणजे पिकअप आलाच. छोटा हाथी भाड्याने घेतलात तर त्याचा डाला सुमारे सात फूट, मोटोक्रॉसची लांबी सुमारे 2.18 मीटर, म्हणजे सात फूट दोन इंच. सरळ उभी केली तर फळका बंद होत नाही. थोडी तिरपी लावावी लागते. पुढच्या चाकाचा टायर आणि मडगार्ड यांच्यात लाकडी ठोकळा घाला आणि मगच पट्टे आवळा. ठोकळ्याशिवाय फोर्क पूर्ण दाबून तासभर नेली तर सीलवर दाब राहतो आणि उतरवताना फोर्कच्या नळीवर ऑइलचे कडे दिसते.

माळव्याची काळी माती हा स्वतंत्र विषय आहे. पावसात ती डिंकासारखी चिकटते. टायरच्या गाठींमध्ये भरते, तिथून मडगार्डखाली, चेनगार्डमध्ये, इंजिनाच्या प्लेटमध्ये. पाच-सात किलो सहज चढतात, म्हणजे वाचवलेले सगळे वजन पहिल्याच शेतात परत. मोटोक्रॉसचे पुढचे मडगार्ड उंच असते ते याचसाठी. एक्सपल्सलाही उंच चोचीचे मडगार्ड आहे, पण मागे चेनगार्ड आणि साडीगार्डच्या कोपऱ्यात माती साचते. निघण्यापूर्वी मडगार्डच्या आतून आणि प्लेटला सिलिकॉन स्प्रे मारा. नसेल तर स्वयंपाकाचे तेल फडक्याने पुसा. प्लेट आणि इंजिन यांच्यातल्या फटीत जाड स्पंजचा तुकडा कोंबा, म्हणजे मातीला जागाच उरत नाही. टायर दूरदूर गाठींचा घ्या. जवळ गाठी असलेला टायर या मातीत दोन मिनिटांत गुळगुळीत होतो.

तीच माती मे महिन्यात पिठासारखी उडते. पावसाळ्यातल्या चिखलाने गाडी अडते, उन्हाळ्यातल्या धुळीने इंजिन मरते. मोटोक्रॉसच्या स्पंज फिल्टरची स्वच्छता अशी: आधी डिझेलमध्ये किंवा फिल्टर क्लीनरमध्ये बुडवून दाबा, पिळू नका, पिळला की शिवण सुटते. पेट्रोल वापरू नका, सांध्याचा गोंद विरघळतो. मग साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा, सावलीत पूर्ण वाळवून फिल्टर ऑइल घाला, सर्वत्र एक रंग येईपर्यंत दाबा. बसवताना कडेला ग्रीसची पातळ रेघ ओढा, धूळ फिल्टरमधून कमी आणि कडेच्या फटीतून जास्त शिरते. एक्सपल्सचा फिल्टर कागदी आहे, तो धुवायचा नाही. उन्हाळ्यात चालवत असाल तर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच बदला.

तर मग आहे त्या गाडीचे काय? वजन उतरवायचा सर्वांत स्वस्त उपाय फुकट आहे: 13 लिटर भरू नका. चोरलला जाऊन यायला पाच-सहा लिटर पुरतात. साडेपाच किलो उतरतात आणि तेही वरचे, सर्वांत त्रासदायक. मागची सामानाची प्लेट काढली की थोडे आणखी. लिथियम बॅटरीने दीड-दोन किलो, पण चार्जिंग व्होल्टेज तपासून, आणि ती थंडीच्या पहाटे आळसावते हे लक्षात ठेवून. हलक्या सायलेन्सरने दोन-तीन किलो. आवाजाची मर्यादा ओलांडणारा लावलात तर दंड तुमचाच, आणि गावातल्या लोकांनी वाट बंद केली तर सगळ्यांचाच. आरसे, इंडिकेटर, साडीगार्ड, नंबर प्लेट राहू द्या, रस्त्यावरून जायचे आहे. एकूण आठ-दहा किलो उतरतात. त्यातले तीन-चार तुम्ही लगेच परत चढवाल, धातूचे हँडगार्ड आणि इंजिनाखाली जाड प्लेट लावून. लावाच. तुटलेल्या क्लच लिव्हरने घरी परतणे दोन किलोंपेक्षा महाग पडते.

वजनाहून जास्त फरक तुम्ही बसल्यावर शॉकअप किती दबतो याच्या मोजणीने पडतो, आणि ती कोणी करत नाही. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करा. ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करून अंतर मोजा. मग हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी घेऊन, पूर्ण भार टाकून बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. फरक एकूण प्रवासाच्या तीस-तेहेतीस टक्के हवा: एक्सपल्सला 50 ते 55 मिलिमीटर, मोटोक्रॉसला 100 ते 105. जास्त आला तर मागचा शॉकअप एकेक पायरी कडक करा. मागून जास्त बसलेली गाडी चढावर पुढून हलकी होते, चाक भटकते आणि आपण म्हणतो गाडी जड आहे.

पुढचा स्प्रॉकेट 13 वरून 12 केला तर तो मागे तीन दात वाढवण्याइतकाच असतो. 12 चा स्वस्त आणि दहा मिनिटांचा, पण चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरचे रबर लवकर खाते. मागे 43 टाकायचा तर चेन लांब लागू शकते. चेन ताणताना गाडीवर माणूस बसवून, स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि ॲक्सल एका रेषेत आल्यावर ढील पाहा. तिथे चेन सर्वांत ताणलेली असते. स्टँडवर घट्ट केलेली चेन उडीत गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. टायरमधली हवा: डांबरावर कंपनीच्या आकड्याप्रमाणे, दगडांत पुढे 18, मागे 20 पीएसआय. रिमलॉक (टायर रिमला आवळून धरणारा चिमटा) नसेल तर 16 च्या खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. परतताना हवा भरायला हातपंप सोबत हवाच.

उचलण्याबद्दल. उतारावर पडलेली गाडी चाके वरच्या बाजूला ठेवून उचलू नका. आधी हँडल धरून जमिनीवरच फिरवा, चाके उताराकडे येतील अशी. चावी बंद, पहिला गिअर आत, म्हणजे ती घरंगळत नाही. खालच्या बाजूचे हँडल पूर्ण वळवून टाकीजवळ आणा, ते दोन्ही हातांनी धरा, पाठ ताठ, जोर मांड्यांचा. पहिल्या दोन फुटांतच सगळे वजन असते, पुढे तोल मदत करतो. असे केले तर 158 किलोही एकटा माणूस उचलतो. पाचव्यांदा उचलताना मात्र दहा किलोंचा फरक खरोखरच जाणवतो.

तरीही दुसरी गाडी घ्यायचीच असेल, तर तुमच्या उंचीला आणि वाटांना केएलएक्स 230 जवळची. एकोणीस-वीस किलो हलकी, प्रवास 240-250 मिलिमीटर, नंबर प्लेट लागते. टाकी मात्र साडेसात लिटरची. केटीएमची 390 एन्ड्युरो आर ताकदीला मोठी, पण वजन 170 च्या वर, म्हणजे तुमच्या मूळ तक्रारीवर ते औषध नव्हे. ईएक्ससी-एफ ही खरी एन्ड्युरो. परवडली तर तिच्यासारखी नाही, पण त्या किमतीत चारचाकी येते.

आणि ती वापरलेली मोटोक्रॉस ट्रॅकसाठी पाहायला जाणार असाल तर आधी फोनवर सांगा की गाडी थंडच ठेवा, चालू करून ठेवू नका. थंड असताना अडखळत आणि गरम झाल्यावर सहज चालू होत असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालले असावेत. टॅपेटची फट मोजून, शिम किती वेळा बदलले ते विचारा. मागचे चाक अधांतरी करून वर-खाली उचला. ‘टक’ असा आवाज आला तर लिंकेजचे (मागच्या शॉकअपच्या जोडदांड्यांचे) बेअरिंग गेले. रेडिएटर वरून पाहा, एका बाजूला दबलेला असेल तर सबफ्रेम (सीटखालची मागची चौकट) तिकडेच वाकली आहे का तेही पाहा. तासांचा मीटर बदलता येतो, म्हणून त्यावर विसंबू नका, पिस्टनची बिले मागा. आयातीचे बिल ऑफ एंट्री आणि त्यावरचा चॅसी नंबर गाडीच्या नंबराशी जुळवा. आरसी नसलेल्या गाडीची मालकी दाखवायला कागदांचाच आधार असतो. शेवटी फिल्टर काढा, त्याच्या मागची इंजिनाकडे जाणारी रबरी नळी पांढऱ्या रुमालाने आतून पुसा. रुमालावर काळ्या मातीची बारीक पूड आली, तर बाकी काही न पाहता घरी या.